कळी कोण काढते, नाव कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून या मांडवात भावाची, विजेची आणि पीकविम्याची चर्चा झाली. जेवणानंतरचा विषय आमच्याकडे दिला आहे, 'शेतकऱ्याची मुलगी'. जेवणानंतर हा विषय ठेवला म्हणजे ऐकता ऐकता डोळा लागला तरी फारसे बिघडणार नाही, असा आयोजकांचा हिशेब असावा. असो. आम्ही जरा मोठ्याने बोलू.

हल्ली हा विषय गावात निघतो तो एकाच तोंडाने निघतो. पोराचे वय तिशीच्या पुढे गेले, पोरगी कोणी देत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापूरला लग्नाच्या वयाच्या पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. पेपरात फोटो आले, लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. त्या पोरांनी पोटातल्या मुली मारणाऱ्यांवर कायदा चालवा अशी मागणी केली होती, ती काही चेष्टेची मागणी नव्हती. पण त्याच पोरांच्या बापांना विचारा, तुमच्या मुलीसाठी कसा मुलगा पाहता? उत्तर ठरलेले. "नोकरीवाला पाहा. कंपनीत कंत्राटी असला तरी चालंल. शेतीत नको." मुलासाठी सून मागताना शेती ही काळी आई. मुलगी देताना तीच शेती फुफाटा.

बापाला आम्ही दोष देत नाही. त्याने आपल्या बायकोची पंचवीस वर्षे डोळ्यांनी पाहिलेली आहेत. शेतीच्या विरुद्ध त्याच्याएवढा पक्का साक्षीदार कोर्टाला मिळायचा नाही. फक्त या सगळ्या बोलण्यात मुलीला कोणी विचारलेले नसते. तिला काय पाहिजे? सगळ्याच पोरी शेतीला नाही म्हणतात काय? एका मुलीची हकीगत सांगतो. तिला विचारून सांगतो आहोत. नाव घेणार नाही आणि गावही सांगणार नाही. देऊळगाव राजाकडचा, शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारा पट्टा, एवढे पुरे.

त्या वेळी आम्ही संघटनेत नव्हतो. कृषी पदवी घेऊन एका बियाणे कंपनीत लागलो होतो. मोटारसायकलवर प्लॉट पाहत हिंडायचे, वहीत नोंदी करायच्या. २०१० साली एका शेतकऱ्याच्या दहा गुंठे शेडनेटमध्ये टोमॅटोच्या संकरित बियाण्याचा प्लॉट आमच्याकडे होता. ज्यांनी हे काम केले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट या कामातच आहे.

टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात. आपले आपल्यात फळ धरायला त्याला कोणाची गरज नाही. संकर करायचा तर मादी झाडाच्या फुलातला नर आधी काढून टाकावा लागतो, तोही फूल उमलायच्या आदल्या दिवशी. दुपार कलली की बाया ओळीत बसतात. उद्या उमलणारी कळी कोणती ते पाकळीच्या रंगावरून ओळखायचे. हिरवट पिवळी झालेली पाहिजे, पूर्ण पिवळी झाली की उशीर झाला. चिमट्याने कळी उघडायची, आतली परागाची नळी अलगद उपसून काढायची, मधली काडी मोडू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नरफुलांचे वाळवलेले पराग त्या काडीला लावायचे आणि खूण म्हणून हिरव्या निदलांची दोन टोके कातरून ठेवायची. खूण नसलेले फळ दिसले की तोडून फेकायचे. याला आपल्याकडे सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. एका कळीत चूक झाली तर ते फळ 'सेल्फ' होते. अशी फळे जास्त निघाली तर बियाणे शुद्धतेच्या चाचणीत नापास होते आणि हंगामाची मेहनत पाण्यात जाते. म्हणजे लाखाचा माल बाईच्या नजरेवर आणि बोटांवर उभा असतो.

कापसाचेही तसेच. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' काढले, ते जगातले पहिले व्यापारी संकरित कापूस वाण. १९७२ साली धारवाडला डॉ. कटारकींनी 'वरलक्ष्मी' काढले. शास्त्रज्ञांची नावे कॉलेजात आम्ही पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. पण जगात दुसरीकडे संकरित कापूस परवडत नव्हता आणि आपल्याकडे परवडला, तो हाताने कळ्या खुडणाऱ्या लाखो बायापोरींमुळे. हे पुस्तकात 'मजुरीची उपलब्धता' या दोन शब्दांत होते. वाणाला नाव लक्ष्मीचे दिले होते, तेवढ्यावर लक्ष्म्यांनी समाधान मानायचे.

तर त्या प्लॉटवर त्या शेतकऱ्याची मुलगी होती. वय अठरा-एकोणीस. बारावी पास झालेली, पुढचे कॉलेज तालुक्याला आणि एस.टी.ची वेळ जमेना, म्हणून घरी. पहिल्या वर्षी ती बायांच्या ओळीत बसून शिकली. दुसऱ्या वर्षी ओळ तिच्या हाताखाली आली. आईच्या वयाच्या दहा-बारा बाया, त्यांत दोघी चांगल्याच तोंडाळ. पण पोरगी संध्याकाळी एकेकीच्या झाडावरून फिरायची, चुकलेली कळी हातात घेऊन त्या बाईपुढे धरायची, बोलायची काही नाही. महिन्याभरात बाया तिला वचकू लागल्या. नंतर तर तिच्याशिवाय दुसरीकडे क्रॉसिंगला जाईनात. आम्ही पदवीधर माणूस. कळी पाहून उद्या उमलेल की परवा, यावर तिच्याशी पैज मारली आणि हरलो. दोनदा.

प्लॉट उत्तम पास झाला. आम्ही चेक घेऊन गेलो. चेक वडिलांच्या नावाचा. करारनामा त्यांच्या नावाचा, कारण सातबारा त्यांच्या नावाचा. आमच्या वहीत उत्पादकाचे नाव त्यांचेच. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, कळी मी पाह्यते, बाया मी सांभाळते, चुकलं तं बोलणं मी खाते. तुमच्या वहीत मह्यं नाव कुठं हाय?"

आम्ही म्हणालो, "कंपनीचा नियम आहे."

बंधूंनो, हे वाक्य आम्ही नोकरीत शेकडो वेळा बोललो असू. त्या दिवशी ते आमचे आम्हांलाच ऐकू आले. घरी जाऊन वही काढली. पस्तीस-चाळीस उत्पादकांत बाई एक, तीही विधवा. नवरा मेल्यावर तिचे नाव लागलेले. वहीत नाव यायला कोणीतरी मरावे लागते, असाच त्याचा अर्थ होता. तेव्हाही आम्ही काही केले नाही. वही बंद केली आणि जेवायला बसलो.

आता लग्नाचे.

शेडनेटचे कापड फाटले, ठिबकची नळी चोंदली की शेजारच्या गावचा एक मुलगा दुरुस्तीला यायचा. घरी जेमतेम तीन एकर, दोन भाऊ, बाप हयात. काम झाले तरी तो लवकर निघत नाही हे आधी बायांच्या लक्षात आले आणि मग आमच्या. एक दिवस पाहतो तर तो बायांच्या ओळीत मांडी घालून चिमटा घेऊन बसलेला. बाया हसून लोळत होत्या. क्रॉसिंगच्या ओळीत पुरुष बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुलगी हसली नाही. संध्याकाळी तिने त्याची झाडे तपासली आणि सगळ्यांसमोर सांगितले, "वीसमधल्या नऊ काड्या मोडल्या. उद्या येऊ नका." तो दुसऱ्या दिवशी आला. चार मोडल्या. आठ दिवसांनी एकही नाही.

प्रेम म्हणजे काय यावर आम्ही बोलावे अशी आमची योग्यता नाही. सिनेमात दाखवतात ते त्या शेडनेटमध्ये काही नव्हते. सगळे उघड्यावर, दहा बायांच्या देखत. पण पुरुषाने बाईचे काम तिच्याकडून शिकून घ्यावे आणि तिने दया न दाखवता शिकवावे, हे आम्ही तरी आमच्या घरात पाहिले नव्हते.

गोष्ट वडिलांच्या कानावर गेली. मुलगा जातीतला होता, त्यामुळे ती अडचण नव्हती. ती असती तर गोष्ट कुठे गेली असती, हे या मांडवात सगळ्यांना माहीत आहे. वडिलांची हरकत एकच, मुलगा शेतकरी. त्यांनी पुण्याकडचा कारखान्यातला एक मुलगा पाहून ठेवला होता. घरात आठ-पंधरा दिवस धुसफूस चालली. शेवटी वडील नमले, पण भाऊ मध्ये पडला. तिच्या मर्जीचे लग्न करून देऊ, मात्र आधी हक्कसोडपत्रावर सही.

येथे थोडा कायदा सांगतो. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क आला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. २००५ साली बाप जिवंत होता की नव्हता यावर वाद चालला होता, तोही सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. हक्क जन्माने आहे, बाप तेव्हा हयात असण्याची अट नाही. म्हणजे कागद मुलीच्या बाजूचा आहे. म्हणूनच तर सही मागतात. हक्क नसता तर सोडपत्र कशाला लागले असते? रक्षाबंधनाला साडी आणि तलाठ्याकडे अंगठा, हा व्यवहार आपल्या सगळ्यांच्या घरी झालेला आहे. आमच्याही झाला. आमच्या दोन बहिणींनी सह्या दिल्या, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही.

आणि सासरी? लग्न झाले म्हणून सुनेला सासऱ्याच्या जमिनीत वाटा मिळत नाही. मुलीचा हक्क आहे त्या शिवारात ती उद्या राबणार नाही. उद्यापासून जन्मभर राबायचे त्या शिवारात तिचे नाव नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बाया चौदासुद्धा भरल्या नाहीत. शेतात दुपारी जाऊन मोजा, किती भरतात.

मुलीने सही केली नाही. भावाशी भांडलीही नाही. ती म्हणाली, "लग्नात खर्च करू नका. दागिना नको, मांडव नको. पण सही मागू नका. मला आत्ता वाटणी नको, पण मी या घरातून पुसली गेले असं कागदावर नको." भाऊ वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. चार एकरांचे दोन होतील ही भीती खोटी नाही. शेती तोट्याची असली की भावाला बहीण वाटेकरी दिसू लागते. नफ्याची असती तर कदाचित दिसली नसती.

मग तिने तोच सवाल त्या मुलाला टाकला. लग्नानंतर तुमच्या रानात शेडनेट करू, त्याचा करार कोणाच्या नावावर? मुलगा गडबडला. म्हणाला, "बाबांना विचारतो." ती म्हणाली, "विचारा. मी थांबते."

ती खरोखर थांबली. एक वर्ष. घरचा प्लॉट त्या वर्षी भावाने घेतला नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या प्लॉटवर आपली बायांची टोळी घेऊन क्रॉसिंगला जायला लागली. स्वतःच्या नावाचे बँकेत खाते काढले. मजुरीचा हिशेब वहीत स्वतः लिहायची. आम्ही तिला अनेकदा पाहिले त्या वर्षात. उन्हाने काळी पडली होती आणि वयाने एकदम मोठी दिसत होती. गावात बोलणे व्हायचेच. नवरा ठरलाय म्हणतात आणि लग्न करत नाही, अशी कुठे पोरगी असते काय! एकदा आम्हीच विचारले, समजा सासरा नाही म्हणाला तर? ती म्हणाली, "मंग मजुरी तं हायेच ना साहेब. ती मह्या नावाची हाय."

सासरा नाहीच म्हणत होता. त्याचे म्हणणे आम्ही त्याच्या ओट्यावर बसून ऐकले. "उद्या पोरीचं आन् पोराचं बिनसलं, ती निघून गेली, मंग मही जमीन अडकली." यावर हसू नका. ही भीती तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत लक्ष्मीमुक्तीच्या नावाने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची हाक गावोगाव गेली. ज्यांनी ती करून दिली त्यांना तेव्हा गावकरी हेच विचारत होते, उद्या गेली म्हणजे? ज्या माणसाच्या घरी चाळीस वर्षे बाई राबली, तिला कधीही घालवता येते हे त्याला ठाऊक असते. म्हणून तीही कधीही जाईल असे त्याला वाटत राहते.

तोड मुलाच्या आईने काढली. मोठी धोरणी बाई. तिने नवऱ्याला सांगितले, जमीन देऊ नका, दहा गुंठे पाच वर्षांच्या भाड्याने द्या, कागद करा. गेली तर कागद संपेल. राहिली तर नातवंडं खातील. भाडेपट्टा झाला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात लग्न झाले. मांडव नाही, रजिस्टर लग्न आणि घरी वरणभात. भाड्याच्या कागदावर कंपनीने करार तिच्या नावाचा करावा म्हणून आम्ही वरच्या साहेबांशी भांडलो. भांडलो म्हणजे तीन अर्ज केले. नोकरीतले भांडण तेवढेच असते. तिसऱ्या अर्जाला होकार आला. आमच्या वहीतले, कोणी न मरता लागलेले ते पहिले नाव.

येथे गोष्ट संपवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण २०१४ चा फेब्रुवारी-मार्च तुम्हांला आठवत असेल. गारपीट. तिचे शेडनेट पहिल्याच वर्षी आडवे झाले. आम्ही गेलो तेव्हा सांगाडा वाकलेला, कापडाच्या चिंध्या आणि खाली टोमॅटोचा चिखल. खूण केलेली फळे त्यात दिसत होती. कर्ज तिच्या नावाचे. नाव पाहिजे होते ना? नावाबरोबर कर्जही आले. पंचनामा झाला. पिकाच्या नुकसानीची मदत आली ती सातबाऱ्याच्या नावाने, म्हणजे सासऱ्याच्या खात्यात.

सासऱ्याने दोन महिने तो विषय काढला नाही. सुनेनेही काढला नाही. सासूने मात्र नवऱ्याशी बोलणे बंद केले. ताट वाढायची, बोलायची नाही. मग एक दिवस म्हातारा बँकेत गेला, पैसे काढून आणले आणि सुनेच्या पुढे ठेवून म्हणाला, "मोजून घे." तिने मोजले. त्यातून शंभर रुपये काढून त्याला परत दिले. "तुमचं एस.टी.चं भाडं." ही गोष्ट तिच्या सासूने आम्हांला सांगितली आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती.

नवरा या सगळ्यात काय करत होता, असे एक ताई पुढून खुणेने विचारताहेत. बरोबर आहे. तो वाकलेले पाइप सरळ करत होता. मोडलेल्या सांगाड्यातून निम्मे पाइप त्याने वाचवले. बापाशी भांडायची हिंमत मात्र त्याला झाली नाही, आणि तिने ती गोष्ट अजून त्याला पुरती माफ केलेली नाही. तेही तिने सांगायला सांगितले आहे.

पुढच्या वर्षी आम्ही नोकरी सोडली, त्याची कारणे वेगळी आहेत. तिचा प्लॉट मात्र चालू आहे. पाच वर्षांचा कागद संपला तेव्हा सासऱ्याने स्वतःहून तो पुढे वाढवला. २०२१ साली तो वारला. वारसनोंदीला तलाठ्याकडे गेले तेव्हा नणंदेचे नाव आपोआप आले, आणि दीर म्हणाला, ताईची सही घेऊन टाकू. आमची ही बाई आडवी आली. स्वतःच्या माहेरी जी सही तिने दिली नव्हती, ती सासरी नणंदेकडून घेऊ दिली नाही. यात तिच्या नवऱ्याचा वाटा कमी होत होता, म्हणजे तिचाच. घरात अजून ती कुरकुर आहे. नणंद दिवाळीला आली की दीर रानात झोपायला जातो. भाऊ मात्र आता बोलतो. मागच्या वर्षी त्याने बहिणीकडून क्रॉसिंग शिकायला आपली मुलगी पाठवली होती, उन्हाळ्याच्या सुटीत.

आजच्या मेळाव्याला तिने यावे म्हणून आम्ही फोन केला होता. ती आली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमचे मेळावे दुपारी तीन-चारला. त्या टायमाला आम्ही कळीत असतो. सकाळी पराग लावायचे असतात. बायांना बोलवायचं तं बाराला बोलवा, दोनला सोडा." आम्ही मांडवात नजर टाकली तर ती म्हणते ते खरे दिसते. तिकडच्या पट्ट्यातल्या बाया आज नाहीत. पुढचा मेळावा बारा वाजता सुरू करावा, असे आम्ही जिल्हा कार्यकारिणीला लिहून दिले आहे.